तेलकट चेहऱ्यावरही मेकअप टिकतो!

टिकला हो, टिकला! मे महिन्यातलं चिपळूण, भर दुपारचा मुहूर्त, मांडवात हवा नावाला नाही, अंगावर नऊवारी, भावाच्या लग्नात करवलीचा मान आणि चेहऱ्यावर चक्क मेकअप. पंगती उठल्या, नवरी घरात आली, उंबरठ्यावरचं माप ओलांडून झालं, तरी मेकअप जागच्या जागी! कपाळावर थोडी चमक होती, नाकाच्या शेंड्यावर थोडी होती. बाकी गाल, हनुवटी, डोळ्यांखालचा भाग सकाळी होता तसाच. तेव्हापासून भेटेल तिला हे सांगत सुटले आहे, आणि आता तुम्हालाही सांगते: चेहरा तेलकट असला, पुळ्या येत असल्या, तरी मेकअप करता येतो. दिवसभर टिकतो. आणि नीट केला तर पुळ्या वाढतही नाहीत.

ज्यांची त्वचा कोरडी किंवा नितळ आहे, त्यांना यात एवढं काय, असं वाटेल. पण ज्यांच्या कपाळावर सकाळी दहा वाजताच तेल तरंगतं, ज्यांची एक पुळी बसेपर्यंत दुसरी डोकं वर काढते, त्यांना कळेल मी काय म्हणते आहे. आम्हाला शाळेपासून एकच सल्ला मिळतो: ‘चेहऱ्याला काही लावू नकोस.’ आत्या सांगते, मावशी सांगते, शेजारच्या काकू सांगतात. सगळ्या मायेनेच सांगतात. त्यामुळे लग्नसराईत सगळ्याजणी आरशापुढे गर्दी करत असताना आपण मोगऱ्याचे गजरे वाटायचं काम अंगावर घेतो.

या वेळी मात्र लग्न सख्ख्या भावाचं होतं आणि मला मनापासून नटायचं होतं. म्हणून लग्नाची तारीख ठरली तशी आधी त्वचारोगतज्ज्ञांकडे गेले आणि भीत भीत विचारलं, ‘डॉक्टर, मेकअप केला तर चालेल का?’ त्या म्हणाल्या, ‘चालेल की! औषध सुरू करू, आणि काय लावायचं, कसं लावायचं तेही सांगते.’ मग त्यांनी जपानमधल्या एका अभ्यासाबद्दल सांगितलं. मुरुमांवर उपचार घेणाऱ्या स्त्रियांना तिथल्या त्वचारोगतज्ज्ञांनी मेकअप करायला रीतसर शिकवलं होतं. २००५ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले: उपचारांबरोबर योग्य मेकअप केल्याने मुरुम वाढले नाहीत, आणि त्या स्त्रियांचं रोजचं जगणं, चारचौघांत वावरणं सोपं झालं. हे ऐकलं आणि मला तिथेच खुर्चीत उडी मारावीशी वाटली. औषध आणि मेकअप एकाच चेहऱ्यावर सुखाने नांदू शकतात, हे एवढ्या वर्षांत मला कुणीच सांगितलं नव्हतं!

दुसरी गुरू भेटली ती आमच्या डोंबिवलीतच. नवऱ्यामुलींचा मेकअप करणारी ताई. तिच्या स्वतःच्या गालांवर जुन्या मुरुमांचे खड्डे आहेत, आणि समोर बसलं तरी ते दिसत नाहीत. तिने माझा चेहरा उजेडाकडे वळवला, हनुवटीला बोट लावून निरखून पाहिलं आणि म्हणाली, ‘अगं, तुझ्या निम्म्या चेहऱ्याला काही लावायची गरजच नाहीये. जिथे डाग आहे तिथे लावू, बाकी मोकळं सोडू.’ या एका वाक्यावर माझा सगळा मेकअप उभा आहे. कमी लावायचं, नेमकं लावायचं. तेलकट त्वचेवर जाड थर टिकत नाही, पातळ थर टिकतो.

तो का, हेही मी खोदून खोदून विचारलं, आणि त्याचं उत्तर इतकं सुंदर आहे! आपल्या त्वचेतल्या तैलग्रंथी सीबम नावाचं तेल तयार करतात. तळहात आणि तळपाय सोडले तर या ग्रंथी जवळजवळ सगळ्या अंगावर असतात, पण चेहऱ्यावर आणि डोक्यावर त्यांची गर्दी असते: एका चौरस सेंटीमीटरला ४०० ते ९००! त्यातही कपाळ, नाक, हनुवटी हा पट्टा, ज्याला सगळे टी-झोन म्हणतात, तो सर्वांत तेलकट. हे तेल पृष्ठभागावर येतं ते रंध्रांतून, म्हणजे मेकअपच्या खालून. वर कितीही थर चढवा, तेल खालून येऊन तो सैल करणारच. भिंतीत ओल असली की वरचा रंग फुगून पोपडे धरतो, तोच प्रकार. जितका थर जाड, तितके पोपडे मोठे. पातळ थरातून तेल वर आलं तर ते टिपून घेता येतं आणि रंग जागेवर राहतो.

आणि उकाड्याचा संबंध तर थेटच आहे. त्वचेचं तापमान १ अंशाने वाढलं की बाहेर येणाऱ्या तेलाचं प्रमाण साधारण १० टक्क्यांनी वाढतं. म्हणजे डिसेंबरातल्या पुण्यात टिकणारा मेकअप मे महिन्यातल्या कोकणात का उतरतो, याचं कोडं सुटलं. चेहऱ्याची काही चूक नसते, तो फक्त हवेला उत्तर देत असतो.

आता पुळ्यांचं. मुरुम होतो तेव्हा चार गोष्टी एकत्र घडतात: तेल जास्त सुटतं, रंध्राच्या तोंडाशी मृत पेशी चिकटून बसतात, आत क्युटिबॅक्टेरियम ॲक्नेस नावाचे जिवाणू वाढतात आणि मग सूज येते. यात वरून लावलेली वस्तू भर घालू शकते, हे खरंच आहे. अमेरिकेतले त्वचारोगतज्ज्ञ अल्बर्ट क्लिगमन आणि ओटो मिल्स यांनी १९७२ साली सौंदर्यप्रसाधनांमुळे येणाऱ्या मुरुमांना ‘ॲक्ने कॉस्मेटिका’ असं नाव दिलं. त्यांनी त्या काळातली प्रसाधनं सशाच्या कानाच्या आतल्या बाजूला लावून कशाने रंध्रं बुजतात ते तपासलं होतं. पुढे पदार्थांना ० ते ५ असे गुण देणारे जे तक्ते सगळीकडे फिरू लागले, त्यांची मुळं अशाच चाचण्यांत आहेत. पण सशाचा कान माणसाच्या गालापेक्षा फार हळवा असतो, आणि एखादा पदार्थ एकटा कसा वागतो आणि तयार क्रीममध्ये थोड्या प्रमाणात कसा वागतो, यात फरक पडतो. शिवाय डबीवर ‘नॉन-कॉमेडोजेनिक’ छापायला ठरलेली अशी एकच सरकारी कसोटी नाही. म्हणून डॉक्टरांनी मला सोपा मार्ग दिला: ‘नॉन-कॉमेडोजेनिक आणि ऑइल-फ्री लिहिलेलं बघून घ्या, पण खरी परीक्षा तुमच्या जबड्यावर. कानाखाली जबड्याच्या कडेला आठवडाभर लावून बघा. पुळी आली नाही, खाज आली नाही, तर ते तुमचं.’ खोबरेल, कोको बटर असे जड पदार्थ मात्र त्यांनी चेहऱ्यावरून सरळ बाद केले. डोक्याला चोपडून तेल लावून झोपायची सवय असेल तर ते कपाळावर उतरतं आणि केसांच्या कडेला बारीक पुळ्या येतात, हेही त्यांनीच दाखवून दिलं. कित्येक घरांत याकडे कुणाचं लक्षच जात नाही!

तयारी खूप आधी सुरू करायची असते, कारण मुरुमांच्या औषधांचा पुरता गुण दिसायला साधारण १२ आठवडे लागतात. लग्नाच्या तोंडावर नवं औषध सुरू केलं तर त्वचा सोलवटते आणि सोलवटलेल्या त्वचेवर कुठलाच मेकअप बसत नाही. माझ्या चेहऱ्याला डॉक्टरांनी सॅलिसिलिक ॲसिडचा फेसवॉश दिला. हे आम्ल तेलात विरघळतं, म्हणून तेलाने भरलेल्या रंध्रात शिरून आतला कचरा सैल करतं. बरोबर नायसिनामाइड, म्हणजे ब-३ जीवनसत्त्वाचंच एक रूप. २ टक्के नायसिनामाइडने चेहऱ्यावरचं तेल कमी होतं, असं २००६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं आहे. रात्री लावायचं औषध त्यांनी चिठ्ठीवर लिहून दिलं, ते तुमचं तुमच्या डॉक्टरांनीच ठरवायचं. गरोदर असाल किंवा तसा विचार असेल तर ते आधी सांगायचं, कारण काही औषधं तेव्हा चालत नाहीत.

मग आला तो दिवस जेव्हा ताईने मला स्टुलावर बसवलं आणि माझ्याच हाताने सगळं करून घेतलं.

पहिली गंमत म्हणजे तेलकट चेहऱ्यालाही मॉइश्चरायझर लागतो! औषधांनी वरची त्वचा कोरडी पडते, आत तेल सुटतच राहतं, आणि अशा चेहऱ्यावर फाउंडेशन एकीकडे फाटतं, दुसरीकडे घसरतं. म्हणून पाण्यासारखा हलका, जेलचा मॉइश्चरायझर, मटाराच्या दाण्याएवढा. तो जिरला की सनस्क्रीन, दोन बोटांवर ओढलेल्या दोन रेघा भरून. मग थांबायचं. ताई या थांबण्यावर फार कडक आहे. ‘बोट लावलं तर चिकट लागतंय ना? मग अजून नाही.’ तिच्याकडे चहा येतो तो याच वेळी. सनस्क्रीन बसायच्या आत वर काही फासलं तर त्याच्या शेवया निघतात. बसल्यावर लावलं तर निघत नाहीत. इतकं साधं आहे हे.

मग प्रायमर, आणि तोही फक्त टी-झोनला. बहुतेक मॅट प्रायमरमध्ये सिलिकोन असतं, ते रंध्रांच्या खाचा सपाट करून वर एक मऊसूत पापुद्रा धरतं. इथे ताईने एक सूत्र सांगितलं: प्रायमर सिलिकोनचा असेल तर फाउंडेशनही सिलिकोनचं घ्यायचं, पाण्याचा असेल तर पाण्याचं. दोन जातींचे थर एकमेकांवर बसत नाहीत, फुटतात. डबीच्या मागे पहिल्या काही नावांत डायमेथिकोन किंवा ‘सिलोक्सेन’ने संपणारं काही दिसलं की ते सिलिकोनचं समजायचं. मी आता दुकानात डबी उलटी करूनच हातात घेते, आणि मला त्यात कमालीचा आनंद मिळतो!

फाउंडेशनची छटा निवडणं हा तर एक सोहळाच आहे. तेलकट चेहऱ्यावर फाउंडेशन तासा-दोन तासांत गडद किंवा नारिंगी दिसू लागतं, ही आपली सगळ्यांची तक्रार. फाउंडेशनमधला उडून जाणारा भाग उडतो, रंगाचे कण त्वचेच्या तेलात भिजतात, आणि भिजलेला रंग कोरड्या रंगापेक्षा गडद दिसतो. त्यामुळे दुकानात मनगटावर लावून लगेच ठरवायचं नाही. जबड्याच्या कडेला दोन छटांच्या दोन रेघा ओढायच्या आणि सरळ बाहेर पडायचं. भाजी घ्यायची, बाकीची कामं उरकायची आणि मग उन्हात आरसा धरून बघायचं. माझ्या जबड्यावरची उजळ रेघ तोवर त्वचेत विरून गेली होती, आणि दुकानात जी अगदी जुळल्यासारखी वाटत होती ती मातकट झाली होती. डोळ्यांदेखत रंग बदलताना पाहिला मी! जी रेघ नाहीशी झाली, तीच घेतली.

आणि आता ते, ज्यासाठी हा सगळा लेख लिहायला बसले: रंगाने रंग मारणं! पुळीचा लालपणा लपवायला हिरवा करेक्टर लावतात, हे बऱ्याचजणींना माहीत असतं. रंगचक्रात जे दोन रंग समोरासमोर असतात ते एकमेकांना निष्प्रभ करतात, एवढंच त्यामागचं तत्त्व. पण आपल्या गव्हाळ, सावळ्या त्वचेवर खरा प्रश्न लाल पुळीचा कमी आणि पुळी गेल्यावर मागे राहणाऱ्या डागाचा जास्त असतो. सूज आली की आपली त्वचा जास्त मेलॅनिन तयार करते आणि तपकिरी, कधी जांभळट-करडा डाग महिनोन्‌महिने राहतो. त्याच्यावर नुसता त्वचेच्या रंगाचा कन्सीलर लावला तर तो राखेसारखा दिसतो, मग आणखी लावावासा वाटतो, आणि थर जाड होतो. अशा निळसर-करड्या डागाच्या समोरचा रंग कोणता? केशरी! ताईने पीच रंगाच्या करेक्टरची टाचणीच्या डोक्याएवढी टिकली गालावरच्या जुन्या डागावर ठेवली, बोटाने थोपटली आणि डाग बुजला. फाउंडेशन लागलंही नव्हतं अजून! सावळ्या रंगाला पीचऐवजी गडद केशरी लागतो, गोऱ्याला फिकट सॅमन चालतो. एवढ्याशा केशरी टिकलीने वरचे दोन थर वाचवले. मी कितीतरी वेळ आरशात त्या गालाकडेच बघत राहिले.

ताज्या, उठावदार पुळीची रीत वेगळी. ती मी लग्नाच्या सकाळी केली, म्हणून बारकाईने सांगते. हनुवटीवर डाव्या बाजूला एक पुळी होती, लाल, वर किंचित कोरडी. आधी त्या कोरड्या टोकावर मॉइश्चरायझरचा ठिपका लावून थांबले. मग आयलायनरच्या ब्रशएवढा बारीक ब्रश, त्याच्या टोकावर घट्ट, मॅट कन्सीलर, आणि तो फक्त पुळीवर आणि तिच्या भोवती केसभर. लगेच पसरवायचा नाही. मिनिटभर तसाच ठेवायचा, म्हणजे तो आळतो. मग स्वच्छ ब्रशने फक्त कडा थोपटायच्या, मधल्या ठिपक्याला हात लावायचा नाही. मधे रंग, कडेला त्वचा, आणि दोहोंमधली सीमा नाहीशी. वर पावडरचा एक दाब. झालं! पुळीचा उंचवटा कुठलाच मेकअप सपाट करत नाही, बाजूने उजेड पडला तर तो दिसतो. पण माणसाची नजर जाते ती रंगावर. रंग गेला की कुणाला काही दिसत नाही. माझ्या मामेबहिणीने अगदी जवळ बसून माझी टिकली सरळ केली आणि तिला ती पुळी दिसली नाही! फुटलेल्या, ओल्या पुळीवर मात्र काहीही लावायचं नाही; ती जखम आहे, तिला मोकळं सोडायचं.

पावडर लावायची म्हणजे फासायची नाही, दाबायची. मऊ पफवर थोडी लूज पावडर घ्यायची, पफ दुमडून आतल्या आत चोळायचा म्हणजे ती पफमध्ये मुरते, आणि मग टी-झोनवर दाबत दाबत जायचं. या पावडरींमध्ये सिलिका, केओलिन माती किंवा तांदळाचा स्टार्च असतो. हे सगळे तेल शोषून घेतात. गालांना जवळपास काहीच नाही. पांढरी सिलिकाची पावडर जास्त झाली तर फ्लॅशच्या फोटोत चेहऱ्यावर पांढरे पट्टे उमटतात, म्हणून घरीच मोबाइलचा फ्लॅश लावून एक फोटो काढून बघायचा.

मराठी लग्नात नाकाचं काम सर्वांत नाजूक, कारण नथ! नाक आधीच सगळ्यात तेलकट, त्यात दाबाच्या नथीची तार नाकपुडीला घासते आणि जेवताना नथ दहादा हलते. तिथे फाउंडेशन असेल तर तारेभोवती गोल चट्टा पडणारच. ताईची युक्ती अशी: नाकपुड्यांना फाउंडेशन लावायचंच नाही. प्रायमर, त्यावर पावडरचा दाब, आणि लालसर दिसत असेल तिथे कन्सीलरचा एक ठिपका. आधी नाकाची बाजू टिपून कोरडी करायची आणि मग नथ चढवायची. माझी नथ सरकली नाही आणि चट्टाही पडला नाही. हेच मुंडावळ्यांचं. भाऊ आणि वहिनी दोघांच्याही कपाळावर मुंडावळ्या घासत होत्या. वहिनीच्या कपाळाला ताईने मुंडावळ्यांच्या रेषेत फक्त पावडर ठेवली होती. हळदीलाही मी आधीच सांगून ठेवलं होतं की चेहऱ्याला बोटभर टिळा लावा, बाकी हळद हातापायांना. कुणी वाईट वाटून घेतलं नाही.

आणि दिवसभर सांभाळायचं शस्त्र कोणतं? पावडर नव्हे. टिपकागद! ब्लॉटिंग पेपरचा छोटासा पुडा कमरेच्या बटव्यात बसतो. तेल वर आलं की त्याच्यावर पुन्हा पावडर चढवली तर तेल आणि पावडरीचा लेप तयार होतो. आधी कागद टेकवायचा, दाबायचा, उचलायचा; ओढायचा नाही. कागद उजेडात धरला की त्यावर पारदर्शक ठिपके दिसतात, ते तुमच्या रंध्रांतलं तेल, आणि रंग जवळजवळ शून्य! मेकअप चेहऱ्यावर, तेल कागदावर. हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी लोकलमध्ये शेजारी बसलेल्या अनोळखी बाईलाही तो कागद दाखवला, आणि तिने लगेच एक मागून घेतला.

या कागदाचा इतिहास वाचला आणि मी त्याच्या आणखी प्रेमात पडले. जपानमधलं कानाझावा हे शहर सोन्याच्या वर्खासाठी प्रसिद्ध आहे. जपानचा जवळजवळ सगळा सोन्याचा वर्ख तिथेच बनतो. सोनं कागदाच्या घड्यांमध्ये ठेवून ठोकत ठोकत पातळ करतात. ठोकून ठोकून त्या कागदाचे तंतू इतके दबतात, तो इतका गुळगुळीत होतो की त्वचेला ओरखडा न काढता तेल ओढून घेतो. वर्खाच्या कामातून निघालेला हा कागद काबुकी नाटकातले नट आणि गेशा चेहऱ्यावरचं तेल टिपायला वापरू लागल्या. दिव्यांच्या उष्णतेत, रंग चढवलेल्या चेहऱ्याने ज्यांना तासन्‌तास उभं राहायचं होतं, त्यांनी शोधलेली ही गोष्ट आज औषधांच्या दुकानातही मिळते!

एक आनंदाची बातमी अजून शिल्लक आहे. आपल्या त्वचेवरचे डाग गडद व्हायला अतिनील किरणांबरोबरच डोळ्यांना दिसणारा उजेडही कारण असतो, विशेषतः त्यातला निळा-जांभळा भाग. साधं, बिनरंगाचं सनस्क्रीन तो फारसा अडवत नाही. अडवतात ते लोहाचे ऑक्साइड, म्हणजे फाउंडेशनला आणि रंगीत सनस्क्रीनला पिवळा, लाल, काळा रंग देणारेच कण. म्हणजे सनस्क्रीनच्या वर लावलेला तो पातळसा रंग डाग झाकता झाकता डागाला उजेडापासूनही थोडं जपतो. ज्या गोष्टीपासून आम्हाला वर्षानुवर्षं लांब राहायला सांगितलं, ती आमच्याच उपयोगाची निघाली!

रात्री मात्र कितीही दमला असाल तरी मेकअप उतरवल्याशिवाय आडवं व्हायचं नाही. यावर डॉक्टर आणि ताई दोघींचं एकमत आहे. कापसावर मायसेलर पाणी घेऊन तो डोळ्यांवर, हनुवटीवर काही क्षण नुसता धरायचा. त्यातले सूक्ष्म गोळे मेकअपला आणि तेलाला धरून ठेवतात, म्हणून घासावं लागत नाही. मग फेसवॉश, मग औषध. पाहुण्यांनी भरलेल्या घरात, न्हाणीघरापुढच्या रांगेत उभं राहून मी हे केलं, आणि पुढच्या दिवसांत लग्नाची म्हणून एकही नवी पुळी आली नाही.

स्पंज आणि ब्रश धुणं हा मेकअपचाच भाग आहे. ब्रिटनमधल्या ॲस्टन विद्यापीठाने २०१९ साली लोकांच्या वापरातली प्रसाधनं तपासली तेव्हा दहांपैकी जवळजवळ नऊ वस्तूंवर जंतू सापडले, आणि सर्वांत वाईट अवस्था स्पंजांची होती. त्यातले ९३ टक्के कधी धुतलेच गेले नव्हते. पुळ्या येणाऱ्या चेहऱ्यावर असा स्पंज फिरवणं म्हणजे औषधाच्या विरुद्ध काम करणं. लहान मुलांचा सौम्य शॅम्पू, कोमट पाणी, स्वच्छ पाणी निघेपर्यंत दाबायचं आणि वाऱ्यावर पूर्ण वाळवायचं. आणि आपला स्पंज आपला. सख्ख्या बहिणीलाही द्यायचा नाही.

खर्चाचं म्हणाल, तर यातली एकही गोष्ट महागडीच हवी असं नाही. पीचचा छोटा करेक्टर, आपल्या छटेचा मॅट कन्सीलर, लूज पावडर आणि टिपकागद, एवढ्यावर रोजचं ऑफिस निभतं, फाउंडेशन लग्नकार्यापुरतं. मी आता आठवड्यातले बहुतेक दिवस हेच लावते आणि घरातून निघायला उशीर होत नाही.

म्हणून मैत्रिणींनो, माझं ऐका. पुळ्या दुखऱ्या, खोल, गाठीसारख्या असतील किंवा खड्डे पडत असतील तर सगळ्यात आधी त्वचारोगतज्ज्ञांकडे जा. दुकानदाराने परस्पर दिलेलं, ‘गोरं करणारं’ स्टेरॉइडचं मलम चेहऱ्याला लावू नका. त्याने चेहऱ्याचं कायमचं नुकसान होतं. आणि उपचार सुरू असतानाच नटा, मनापासून नटा! त्वचा नितळ होईपर्यंत हौस राखून ठेवू नका. घरात एखादी सोळा-सतरा वर्षांची मुलगी चेहऱ्यावर ओढणी घेऊन वावरत असेल तर तिला ‘काही लावू नकोस’ एवढंच सांगून थांबू नका. तिला डॉक्टरांकडे न्या, आणि येताना तिच्या छटेचा एक कन्सीलर आणि टिपकागदाचा एक पुडा घेऊन या.